एका तारेवरचा प्राण

परमेश्वराने मानवाला दिलेल्या अगणित देणग्यांपैकी श्वास ही अशी एक देणगी आहे की, ती उणी पडू लागेपर्यंत तिची आठवणच आपणास होत नाही. भाकरीसाठी घाम गाळावा लागतो, पाण्यासाठी विहीर खणावी लागते, अंगावरच्या वस्त्रासाठी दाम मोजावा लागतो. परंतु वाऱ्याचे बिल आजवर कोणी कोणाच्या दारी आणून टाकले नव्हते. मातीच्या पुतळ्यात निर्माणकर्त्याने पहिला श्वास फुंकला तो विनामूल्य, आणि तेव्हापासून राजा व रंक हे दोघेही त्या एकाच भांडारातून फुकट उचल करीत आले आहेत.

ह्या जुन्या व्यवस्थेला आता अपवाद निर्माण झाला आहे. वैद्यकशास्त्राच्या प्रगतीमुळे जे रोगी पूर्वी इस्पितळातच देह ठेवीत, ते आज यंत्रासह घरी परत येतात. कोणाच्या उशाशी हवेतून प्राणवायू वेगळा काढणारे कॉन्सन्ट्रेटर असते, कोणाच्या तोंडावर रात्रभर बायपॅपचा मुखवटा असतो, कोणी व्हेंटिलेटरवर असतो, तर कोणाच्या घशातील कफ यंत्राने ओढावा लागतो. आपल्यापैकी पुष्कळांनी परमगुरुस्वामी फ्रान्सिस ह्यांना ६ एप्रिल २०२५ रोजी, आजाऱ्यांच्या ज्युबिलीच्या दिवशी, संत पेत्राच्या चौकात चाकांच्या खुर्चीवरून येताना पाहिले असेल. त्यांच्या नाकाशी प्राणवायूच्या दोन बारीक नळ्या होत्या. त्याच महिन्याच्या २१ तारखेस ते प्रभूच्या घरी गेले. परंतु त्या नळ्यांनिशी लोकांसमोर येऊन त्यांनी जणू जगातील अशा सर्व रोग्यांना आपल्या पंक्तीला बसविले. तेव्हा अशा रोग्यांच्या घरची वीज हा विषय धर्मग्रामाच्या साप्ताहिकात कशाला, असे कोणी म्हणणार नाही, अशी मला आशा आहे.

ह्या विषयाकडे माझे लक्ष प्रथम वेधले गेले ते इंदूरच्या सराफ्यात. धन्य राणी मारिया ह्यांच्या समाधीचे दर्शन घ्यावे, म्हणून एका फेब्रुवारीत मी उदयनगरला गेलो होतो. गोरगरिबांची बाजू घेतल्याबद्दल ह्या क्लॅरिस्ट भगिनीची २५ फेब्रुवारी १९९५ रोजी हत्या झाली, आणि ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथेच त्यांना धन्य म्हणून घोषित करण्यात आले, हे वाचकांना ठाऊकच आहे. परतीच्या वाटेवर, रेल्वेच्या नोकरीत अनेक वर्षे माझे सोबती असलेल्या एका स्नेह्यांकडे मी दोन रात्री मुक्काम केला. त्यांचे घराणे होळकरांच्या राज्यापासून तेथे रुजलेले, घरात मराठी बोलणारे व पिढीजात सोनारकाम करणारे. राजवाड्यापासून हाकेच्या अंतरावर, सराफ्याच्या एका बोळात त्यांचे माडीचे घर आहे.

सराफा बाजार हा दिवसा एक आणि रात्री दुसराच असतो. दिवसभर तेथे सोन्याचांदीचे ताजवे हलतात. रात्री पेढ्या बंद झाल्या की त्याच ओट्यांसमोर कढया चढतात, आणि मध्यरात्र उलटून जाईपर्यंत भुट्ट्याचा कीस, गराडू, दहीवडे, साबुदाण्याची खिचडी व थाळीएवढा जलेबा खाण्यासाठी माणसांची दाटी होते. दिव्यांचा एवढा लखलखाट आपल्या गावच्या सणालाही नसतो. त्या लखलखाटाच्या वर, माडीवरच्या एका खोलीत, माझ्या स्नेह्यांचे वडील पलंगावर उशांच्या आधाराने बसून असत. सारे घर त्यांना नाना म्हणे. नानांनी आयुष्यभर दागिन्यांना डाख देण्याचे काम केले. फुंकणी तोंडात धरून, दिव्याची ज्योत वळवून, केसाएवढ्या सांध्यावर ती नेमकी सोडायची, हे त्यांचे कसब. एके काळी त्या डाखात कॅडमियम नावाची धातू मिसळीत; ‘केडीएमचे सोने’ हा शब्द आपल्या आयाबहिणींच्याही कानांवरून गेलेला असेल. तिचा धूर फुप्फुसांना घातक असल्यामुळे भारतीय मानक ब्यूरोने हॉलमार्कच्या सोन्यातून ती वर्ज्य केली. नानांची फुप्फुसे त्या धुराने गेली की आणखी कशाने, हे सांगणे डॉक्टरांचे काम. पण ज्या श्वासाने त्यांनी पन्नास वर्षे घर चालविले, तो श्वास आता त्यांना पुरेनासा झाला होता, एवढे मात्र खरे. उशाशी प्राणवायूचे यंत्र अहोरात्र घुरघुरत असे.

दुसऱ्या रात्री साडेदहाच्या सुमारास बत्ती गेली. खाली बाजारात क्षणभर अंधार पसरला, एक सामुदायिक ‘अरे!’ ऐकू आला, आणि मिनिटाभरात विक्रेत्यांचे बॅटरीचे दिवे लागून कढया पूर्ववत तडतडू लागल्या. वर मात्र यंत्र एकसारखे कर्कश शिटी देऊ लागले. इन्व्हर्टरची बॅटरी जुनी झालेली. तिने अवघी दहा मिनिटे तग धरला. वहिनी उठल्या, कोपऱ्यातील सिलिंडरची चावी त्यांनी फिरविली, नळी इकडून काढून तिकडे जोडली आणि घड्याळ पाहून वेळ भिंतीवरच्या पाटीवर लिहिली. कोणी धावपळ केली नाही, कोणी मोठ्याने बोलले नाही. त्यांच्या त्या शांतपणावरूनच मी ओळखले की, हा प्रसंग त्या घरात अनेकदा येऊन गेला आहे. नाना मला खुणेने जवळ बोलावून, एकेक शब्द तोडत म्हणाले, “मास्तर, आम्ही विस्तव फुंकत आलो. आता भिंतीतली वीज आम्हाला फुंकते.” वीज पाऊण तासाने आली. तेवढा वेळ घरातील सहा माणसांपैकी एकानेही सिलिंडरच्या काट्यावरची नजर काढली नाही.

त्याच रात्री वहिनींनी मला आधीच्या वर्षीची एक हकिकत सांगितली. माझ्या स्नेह्यांच्या थोरल्या मुलाचे काम मंदावले होते व विजेची दोन बिले थकली होती. नोटीस रीतसर आली होती. ती घरच्या कागदपत्रांत पडून राहिली. एके दुपारी लाइनमन यादी घेऊन आला. खांबावर शिडी लावण्यापूर्वी त्याला माडीवरून यंत्राची घुरघुर ऐकू आली. “भाभीजी, ऊपर क्या चल रहा है?” असे विचारून तो जिना चढून आला, नानांकडे पाहून क्षणभर थांबला, त्याने नकळत कपाळाला हात लावला आणि तसाच खाली उतरला. आपल्या यादीवर त्या घरापुढे त्याने लिहिले, ‘ताला बंद’. दुसऱ्या दिवशी वहिनींनी हातातील एक बांगडी त्याच सराफ्यात, चार दुकाने पलीकडे, विकली आणि बिल भरले.

ह्या हकिकतीत दोष कोणाला द्यावा? बिल खरे होते. नोटीस कायदेशीर होती. लाइनमन तर भला माणूस निघाला. तरीही त्या रात्री मला झोप आली नाही, कारण माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती: दया करण्यासाठी त्या भल्या माणसाला असत्य लिहावे लागले. ‘ह्या घरात विजेवर जगणारा रोगी आहे’ हे सत्य लिहिण्यासाठी त्याच्या यादीत रकानाच नव्हता. ज्या कागदावर सत्याला जागा नाही, त्या कागदाच्या भरवशावर मनुष्याचा प्राण ठेवता येईल काय?

आता थोडा हिशोब करू. मिनिटाला ५ लीटर प्राणवायू देणारे साधारण यंत्र ३०० ते ४०० वॅट वीज घेते. ते हवा दाबून झिओलाइट नावाच्या खनिजाच्या कणांतून नेते. ते कण हवेतील नायट्रोजन धरून ठेवतात व ९० टक्क्यांहून अधिक शुद्ध प्राणवायू नळीत येतो. ३५० वॅट धरले, तर दिवसरात्र चालणारे यंत्र दिवसाला सुमारे साडेआठ युनिट, म्हणजे महिन्याला अडीचशे युनिट वीज खाते. हे दिवे, पंखा व शीतकपाट सोडून. मध्यप्रदेशात महिन्याला १५० युनिटांपर्यंत वापर असलेल्या घरांना पहिले १०० युनिट १०० रुपयांत देण्याची सवलत २०१९ साली जाहीर झाली व पुढे ती अटल गृह ज्योती ह्या नावाने चालली. सवलत गरिबांसाठीच आहे. परंतु गरिबाच्या घरात हे यंत्र आले की त्याचा वापर १५० युनिटांच्या पलीकडे जातो, आणि सवलतीच्या हिशोबात तो गरीब उरत नाही. आपल्या महाराष्ट्रातही दराचे टप्पे १०० युनिटांपर्यंत, ३०० पर्यंत, ५०० पर्यंत असे चढत जातात. जो अधिक वापरतो तो अधिक सुखवस्तू, असे त्यामागचे गृहीत आहे. वातानुकूलित खोलीत निजणाऱ्याच्या बाबतीत ते बरोबर असेल. परंतु एका श्वासासाठी तडफडणाऱ्या म्हाताऱ्याचा अडीचशे युनिटांचा वापर म्हणजे चैन नव्हे.

असे रोगी केवळ शहरात नाहीत. इंदूरच्या पश्चिमेस झाबुआ, अलिराजपूर व धार ह्या जिल्ह्यांतील आदिवासी मजूर गुजरातेत गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत कामाला गेले आणि सिलिकोसिस घेऊन गावी परतले. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने मृत झालेल्या २३८ मजुरांच्या कुटुंबांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. पैसा आला तरी दगडासारखे झालेले फुप्फुस परत मऊ होत नाही. अशा मजुराच्या झोपडीत यंत्र पोहोचले तरी त्यामागे तार हवी, आणि तारेत वीज हवी.

कायदा काय म्हणतो, हे प्रत्येक कुटुंबाला माहीत असावे. २००३ च्या वीज कायद्यातील ५६ व्या कलमानुसार थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी ग्राहकाला निदान १५ पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. बिलाबद्दल तक्रार असेल, तर मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने होणारी रक्कम, ह्यांपैकी जी कमी असेल ती आपला निषेध नोंदवून भरली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. ३१ डिसेंबर २०२० रोजी निघालेल्या वीज ग्राहक हक्क नियमांनी आणखी काही गोष्टी दिल्या: ठरवून वीज बंद करावयाची असेल, तर ग्राहकांना आधी कळवावे, अचानक बिघाड झाला, तर दुरुस्तीस लागणाऱ्या अंदाजे वेळेसह संदेश द्यावा, आणि ज्येष्ठ नागरिकांना अर्ज देणे, बिल भरणे इत्यादी सेवा घरपोच मिळाव्यात. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने, वीज ही मूलभूत सोय असून मनुष्याला तिच्यापासून वंचित ठेवता येत नाही, असे सांगितले. हे सर्व चांगले आहे. तथापि ज्या ५६ व्या कलमाने वीज तोडली जाते, त्यात घरी यंत्रावर जगणाऱ्या रोग्याचा वेगळा उल्लेख नाही. मंगल कार्यालयाची तार आणि नानांची तार ही त्या कलमापुढे सारखीच.

त्यातच काळ बदलत आहे. २०२१ साली मंजूर झालेल्या केंद्राच्या योजनेत देशभर सुमारे २५ कोटी स्मार्ट मीटर बसविण्याचा संकल्प करण्यात आला, आणि इंदूर शहरात ते मोठ्या संख्येने बसलेही आहेत. ह्या मीटरची वीज कचेरीत बसून बंद करता येते. मी नव्या यंत्राचा द्वेष्टा नाही. बिघाड कोठे झाला हे त्यामुळे लवकर कळते, वाचन चुकत नाही. परंतु विचार करा, वाचकहो! सराफ्यातल्या त्या घराचे रक्षण कोणी केले? शिडी लावण्यापूर्वी जिना चढून गेलेल्या एका मनुष्याच्या कानांनी. कचेरीतल्या कळीला कान नसतात. म्हणून जे पूर्वी लाइनमनच्या काळजात लिहिलेले असे, ते आता कचेरीच्या नोंदवहीत लिहिले गेले पाहिजे.

असे न लिहिल्याने काय होते, ह्याचा दाखला दूरच्या न्यूझीलंड देशात मिळाला. २९ मे २००७ रोजी ऑकलंड शहरात एका घराची वीज १६८ डॉलर ४० सेंटच्या थकबाकीसाठी तोडण्यात आली. त्या घरात सामोआ बेटांतून आलेली, चार मुलांची आई असलेली, ४४ वर्षांची शिक्षिका प्राणवायूच्या यंत्रावर होती. यंत्राची गोष्ट आपण वीज तोडणाऱ्या माणसाच्या कानांवर घातली होती, असे कुटुंबाचे म्हणणे होते. वीज गेली, यंत्र थांबले, आणि काही तासांतच ती बाई मरण पावली. मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने २००८ साली असा निष्कर्ष दिला की, मृत्यू मूळच्या आजाराने झाला, तथापि वीज तोडली जाण्याचा व त्यातून आलेल्या ताणाचा त्यात वाटा होता. सारा देश हळहळला. विजेवर प्राण अवलंबून असलेल्या रोग्यांची नोंद कशी ठेवावी व त्यांची वीज का तोडू नये, ह्याची मार्गदर्शक तत्त्वे तेथे तयार झाली आणि २०२५ पासून ग्राहकांच्या काळजीचे असे नियम कंपन्यांवर बंधनकारक झाले. ऑस्ट्रेलियात अशा घरांची ‘जीवनाधार’ म्हणून नोंद होते व नोंद असेपर्यंत थकबाकीपायी त्यांची वीज तोडता येत नाही. इंग्लंडात घरच्या प्राणवायूच्या यंत्राला लागलेल्या विजेचा खर्च रोग्याला परत मिळतो. म्हणजे ही मागणी आकाशातील चंद्राची नव्हे. अन्य देशांनी ती व्यवहारात आणून दाखविली आहे.

येथे एक प्रश्न धर्मनिष्ठ वाचकांच्या मनात येईल. मनुष्याने यंत्राच्या बळावर किती काळ जगावे? हा प्रश्न पवित्र सभेला नवा नाही. २४ नोव्हेंबर १९५७ रोजी परमगुरुस्वामी बारावे पायस ह्यांनी भूल देणाऱ्या डॉक्टरांपुढे भाषण करताना ह्याच विषयाचा ऊहापोह केला. जीव राखण्यासाठी सामान्य उपाय करणे हे आपले कर्तव्य आहे. असामान्य उपायांचे ओझे वाहण्याची सक्ती नाही. आणि जेथे आशा सर्वस्वी संपली आहे, तेथे श्वासाचे यंत्र थांबविणे म्हणजे हत्या नव्हे, अशी त्यांची शिकवण आहे. परंतु हा निर्णय कोणाचा? रोग्याचा, त्याच्या कुटुंबाचा व डॉक्टरांचा. तोही प्रार्थनापूर्वक, पवित्र संस्कार झाल्यावर, परमेश्वराला साक्षी ठेवून. तो निर्णय थकबाकीच्या यादीने घ्यावा आणि महिन्याच्या अमुक तारखेस अमलात आणावा, हे कोणत्याही नीतिशास्त्रात बसत नाही. जी कळ बंद करण्यापूर्वी डॉक्टरही दहादा विचार करतो, ती रकमेचा आकडा पाहून बंद करण्याचा अधिकार कोणालाही असता कामा नये.

ऐपत असून बिल बुडविणाऱ्यांना पाठीशी घालावे, असे मी म्हणत नाही. वीज निर्माण करण्यास खर्च येतो व ज्याची ऐपत आहे त्याने तो दिलाच पाहिजे. परंतु थकबाकी वसूल करण्याचे मार्ग अनेक आहेत: हप्ते बांधून देता येतात, दावा लावता येतो, जामीन घेता येतो. गेलेला पैसा उद्या मिळू शकतो. गेलेला श्वास मिळत नाही. चांगल्या शोमरोनी माणसाची कथा आठवा. जखमी वाटसरूला धर्मशाळेत पोहोचवून त्याने दोन नाणी दिली, आणि पुढे जो खर्च होईल तोही मी परतताना देईन, अशी हमी दिली. त्या दिवसाच्या औषधपाण्यावरच तो थांबला नाही; उद्याच्या बिलाचीही जबाबदारी त्याने शिरावर घेतली. आपण रोग्याला भेटायला जातो, केळी-मोसंबी नेतो, रोझरी म्हणतो. हे सर्व उचितच आहे. पण त्याच्या घरचे वीज बिल भरले गेले का, हे विचारण्याचा आपणास संकोच वाटतो. तो संकोच सोडला पाहिजे.

मग आपण काय करावे? आधी घरच्यांनी करावयाच्या गोष्टी सांगतो. ज्या घरात असे यंत्र आहे, त्यांनी डॉक्टरांचा दाखला जोडून आपल्या वीज कचेरीस साध्या मराठीत अर्ज द्यावा: अमुक ग्राहक क्रमांकाच्या घरात अमुक यंत्र आहे, ते इतके तास चालते, म्हणून पूर्वसूचना व प्रत्यक्ष भेट ह्यांवाचून वीज बंद करू नये. त्या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेऊन ती जपून ठेवावी. आपला मोबाइल क्रमांक कचेरीत नोंदवावा, म्हणजे वीज बंद होण्याचे संदेश मिळतील. दाद न लागल्यास ग्राहक तक्रार निवारण मंच व त्यावर विद्युत लोकपाल आहेत, हे विसरू नये.

राखीव सिलिंडरचा हिशोबही समजून घ्यावा. ‘बी टाइप’ म्हणतात त्या मध्यम सिलिंडरमध्ये सुमारे १५०० लीटर प्राणवायू असतो. मिनिटाला २ लीटर लागत असेल तर तो साडेबारा तास पुरेल. ५ लीटर लागत असेल तर अवघे पाच तास. १५० अँपिअर-तासांच्या चांगल्या बॅटरीवर हे यंत्र तीन-साडेतीन तास चालते. बॅटरी जुनी असली तर नानांच्या घरच्यासारखी दहा मिनिटांत मान टाकते. म्हणून महिन्यातून एकदा, दिवसाउजेडी, मेन स्विच बंद करून परीक्षा घ्यावी, आणि सिलिंडरची चावी फिरविणे घरातील शाळकरी मुलांनाही शिकवावे.

एका गोष्टीकडे माताभगिनींनी विशेष लक्ष द्यावे. वीज गेली की आपला हात प्रथम मेणबत्तीकडे जातो, आणि आपल्या घरात वेदीसमोर तर मेणबत्ती असतेच. प्राणवायू स्वतः जळत नाही, पण तो पसरलेल्या खोलीत ठिणगीचा भडका होतो. अंथरूण व कपडे क्षणात पेट घेतात. अशा खोलीत मेणबत्ती, उदबत्ती, विडी किंवा चूल ह्यांपैकी काहीही नको. सिलिंडरच्या तोंडाला तेल किंवा मलम लावू नये. फादर आजाऱ्यास पवित्र ख्रिस्तशरीर घेऊन येतील, त्या वेळीही मेणबत्ती दुसऱ्या खोलीत लावावी; प्रभूला त्यात काही उणे वाटणार नाही.

आता धर्मग्रामाविषयी. १७ मे २०२१ च्या तौक्ते वादळात आमच्या वसईत झाडे व खांब पडून कित्येक वाड्या दिवसेंदिवस अंधारात होत्या. अशा वेळी कोणाच्या घरात यंत्र आहे, हे कोणाला ठाऊक असावे? वीज कचेरी येण्यापूर्वी शेजारी पोहोचतो. पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम ह्यांनी १८३३ साली स्थापिलेल्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या शाखा आपल्याकडे आहेत. घरोघर जाणे हेच तिचे व्रत आहे. तिच्या बंधुभगिनींनी प्रत्येक वाडीतील अशा घरांची यादी करावी, एक-दोन भरलेली सिलिंडरे धर्मग्रामाच्या कचेरीत ठेवावीत, आणि ज्या घरी चणचण आहे त्या घरचे बिल मुदतीपूर्वी गुपचूप भरले जाईल, अशी तजवीज करावी. १९५२ साली कोपनहेगन शहरात पोलिओची साथ आली, तेव्हा यंत्रे पुरेनात. सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसले आणि रबरी पिशवी हाताने दाबून त्यांनी दिवसरात्र, आठवडेच्या आठवडे, रुग्णांना श्वास पुरविला. माणसांचे हात जेथे एकत्र येतात, तेथे अंधारातही प्राण टिकतो.

शेवटी शासनाकडे मागणे. वीज पुरवठ्याचे नियम प्रत्येक राज्याचा वीज नियामक आयोग करतो. नियम पक्के करण्यापूर्वी तो मसुदा प्रसिद्ध करतो व लोकांच्या हरकती-सूचना मागवितो. त्या सूचना कोणीही पाठवू शकतो. त्यासाठी वकील लागत नाही. आपल्या धर्मग्रामांनी तीन मागण्या पाठवाव्यात: घरी यंत्रावर असलेल्या रोग्यांची नोंदवही ठेवावी, नोंद असलेल्या घराची वीज, अधिकारी प्रत्यक्ष जाऊन पाहिल्यावाचून व दुसरी सोय झाल्यावाचून, तोडू नये, आणि यंत्रापुरत्या युनिटांना गरिबांचा दर लावावा. एका कुटुंबाचा अर्ज बाजूला पडेल. शंभर धर्मग्रामांचे अर्ज पडणार नाहीत. हे मागणे केवळ आपल्या लोकांसाठी नाही. आगरी, कोळी, आदिवासी, मुसलमान, ब्राह्मण, साऱ्यांच्या घरी श्वास एकच आहे.

११ फेब्रुवारी रोजी, लूर्दच्या मातेच्या सणाला, पवित्र सभा जागतिक आजारी दिन पाळते. त्या दिवशी मिस्सानंतर प्रत्येक वाडीतून दोन माणसे निघाली आणि यंत्र असलेल्या प्रत्येक घरी जाऊन ‘बिल भरले का? सिलिंडर भरलेले आहे का? रात्री बोलवायला कोणाचा नंबर आहे?’ हे तीन प्रश्न विचारून आली, तर तो सण खऱ्या अर्थाने साजरा होईल. ज्या परमेश्वराने आपणास श्वास विनामूल्य दिला, तो आपल्या शेजाऱ्याच्या श्वासाचा हिशोब एक दिवस आपणाजवळ मागितल्यावाचून राहणार नाही. त्या दिवशी आपले खाते थकलेले नसावे, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.